बाहुलीचा झगा

‘पोरगी कशी बाहुलीसारखी आहे!’ मुलगी बघायला आलेली माणसं सातारा-सांगलीकडे आजही कौतुकानं म्हणतात. याच सांगली जिल्ह्यात २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८५१ मुली होत्या. साताऱ्यात २०११ साली ‘नकुशी’ नावाच्या अडीचशेहून जास्त मुलींची नावं बदलावी लागली. जन्मताना नकोशी, लग्नाच्या बाजारात बाहुली!

मैत्रिणींनो, १९९० च्या सुमारास अमेरिकेत कोर्टनी लव्ह, कॅट बिएलँड या रॉक गायिका बाहुलीचाच झगा घालून स्टेजवर आल्या. झगा फाटका, लिपस्टिक फासलेली, आणि गाणं म्हणजे किंकाळी. बाहुली गप्प असते, या मात्र बोंबलत होत्या. टोकियोच्या हाराजुकूत मुलींनी झालरीचे झगे घातले, अनेकींनी ते स्वतः शिवले. पुरुषांसाठी नव्हे, स्वतःसाठी, असं त्या सांगतात. त्या फॅशनचं ‘लोलिता’ हे नाव मात्र मला खटकतं. नाबोकोव्हच्या कादंबरीतली ती मुलगी अत्याचार सोसणारी आहे.

पुढे बाजारानं झग्यातला राग काढून टाकला आणि झगा तेवढा विकायला ठेवला. आपल्या शिबिरात कुणी तसा फ्रॉक घालून आली, की आपण आधी नाकं मुरडतो. तो तिला कुणी आणला, की तिनंच निवडला, हे विचारायचं राहूनच जातं.