अम्माची हजेरी कुणी मांडायची?

आपल्या शिबिरांत 'वास्तववादी' चित्रपट दाखवण्याची पद्धत जुनी आहे. दिवे विझतात, झोपडपट्टी दिसते, बाई मार खाते, बुलडोझर येतो, दिवे लागतात आणि आपण डोळे पुसत गटचर्चेला बसतो. 'चक्र' हा त्यातला ठरलेला चित्रपट. जयवंत दळवींच्या कादंबरीवरून रवींद्र धर्मराज यांनी तो काढला. १९८१ साली लोकार्नोच्या महोत्सवात त्याला सर्वोच्च पुरस्कार मिळाला, आणि अम्माच्या भूमिकेसाठी स्मिता पाटीलला राष्ट्रीय पुरस्कार. चित्रपट चांगला आहे. तरीही त्याच्याशी आपले भांडण असायला हवे.

अम्मा नवऱ्याबरोबर गावातून पळून मुंबईत येते. झोपडीसाठी पत्रे चोरताना नवरा मारला जातो. पुढे तिचे आयुष्य मुलगा बेनवा, लुका आणि ट्रकवाला अण्णा यांच्याभोवती फिरत राहते. तळवड्याच्या एका वस्तीत आम्ही हा चित्रपट दाखवला तेव्हा मी चर्चेत विचारले, अम्मा काय काम करते? बराच वेळ कुणी बोलेना. मग भंगार निवडणाऱ्या एक मावशी म्हणाल्या, "ते काय नीट दाखवलं नाही ताई. तिचं न्हाणं तेवढं दाखवलं."

मावशींना जाहिरातीचा इतिहास ठाऊक नव्हता. वस्तीतल्या उघड्यावरच्या आंघोळीचे ते दृश्य वितरकांनी पोस्टरवर आणले आणि गल्ला जमवला. वस्तीतल्या बाईला न्हाणीघर नाही, हा मुद्दा बाजूला राहिला आणि अंग तेवढे विकले गेले. स्मिताने स्वतः या प्रकारच्या जाहिरातबाजीबद्दल मुलाखतीत नाराजी बोलून दाखवली होती.

पण दोष एकट्या पोस्टरचा नाही. बिमल रॉय यांचा 'दो बीघा जमीन' (१९५३) आठवा. शंभू कलकत्त्यात रिक्षा ओढतो ते आपल्याला तळपायापर्यंत जाणवते. त्याची बायको मात्र शहरात येते ती नवऱ्याला शोधायला, आणि येताच संकटात सापडते. पुरुष शहरात राबायला येतो, बाई सोसायला येते! गरिबांच्या बाजूने काढलेल्या चित्रपटांतही ही वाटणी कायम आहे.

ही वाटणी पडद्यावरच राहिली असती तर एवढे बोलायचे कारण नव्हते. २०११ च्या जनगणनेत माणसागणिक स्थलांतराचे एकच कारण नोंदवले गेले, आणि बायकांच्या रकान्यात सर्वांत जास्त वेळा 'लग्न' पडले. लग्नानंतर दुसऱ्या आठवड्यात ती मोशीच्या नाक्यावर कामासाठी उभी राहिली, हे त्या रकान्यात मावत नाही. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा ठेकेदाराने परराज्यातून आणलेल्यालाच ओळखत होता. म्हणजे बीड-नांदेडहून चाकणला आलेली बाई राज्यातलीच म्हणून बाहेर, आणि बिहारहून नवऱ्यामागे आलेली ठेकेदाराने आणली नाही म्हणून बाहेर. २०२० च्या श्रमसंहितेने आपणहून आलेल्यांना व्याख्येत घेतले खरे. पण घरात बसून रबरी पार्टांची कड नगावर कातरणाऱ्या बाईने आपली 'आस्थापना' कोणती म्हणून दाखवायची?

देहूच्या गाथा मंदिराकडून तळवड्याचा रस्ता धरला की ही कामे दाराच्या उंबऱ्यावर चाललेली दिसतात. भाविकांच्या गाड्या शेजारून जातात. याच तळवड्यात ८ डिसेंबर २०२३ रोजी केकवर लावायच्या फुलबाजी-मेणबत्त्यांच्या कारखान्याला आग लागली. त्याच दिवशी सहा जीव गेले, पुढच्या दिवसांत आकडा दुपटीवर गेला. बहुतेक बायकाच. हळहळ खूप झाली. कुणाची मुले लहान, कुणाचा नवरा आजारी, हे सगळे छापून आले. त्यांना रोज किती होता, हजेरीपुस्तक होते का, दारूजवळ कोणाच्या हुकमाने बसवले, हे प्रश्न शोकसभांतही शेवटी आले.

'चक्र'च्या शेवटी बुलडोझर येतो. त्याच १९८१ साली अंतुले सरकारने मुंबईच्या फुटपाथवरच्या लोकांना हुसकायला घेतले, आणि त्या खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. (हटवायला मात्र मनाई केली नाही.) फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखली-कुदळवाडीत महापालिकेने हजारो बांधकामे पाडली, त्यांत भंगाराची गोदामे पुष्कळ. गोदामवाला कागद घेऊन भांडू तरी शकतो. तिथे रोजावर तांबे, रबर, प्लास्टिक निवडणारीकडे कसला कागद? उपजीविका गेली म्हणून दाद मागायची तर आधी उपजीविका होती हे सिद्ध करायला हवे.

काही कार्यकर्ते म्हणतील, चित्रपट म्हणजे पाहणी-अहवाल नव्हे, मन हलले पाहिजे. जरूर हलू दे. पण शंभूच्या रिक्षाने मन हलतेच ना! मग बाईच्या कामाने हलणार नाही, हे कुणी ठरवले? तिच्या हालांवर रडणे सोपे जाते, कारण रडणाऱ्याला तिचे काही देणे लागत नाही. तिची मजुरी मोजायला बसले की देणेकरी समोर दिसू लागतो, आणि तो कधी कधी आपल्याच घरात असतो. धुणीभांडी करणारीची खाडे धरून मजुरी कापणारा, किंवा कापणारी.

म्हणून मैत्रिणींनो, 'चक्र' दाखवणे बंद करू नका. चर्चेची सुरुवात मात्र "काय वाटलं?" या प्रश्नाने करू नका. अम्मा सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय करते ते बायांना फळ्यावर लिहू द्या, दाखवलेले आणि न दाखवलेले. शेजारी प्रत्येकीने स्वतःचा कालचा दिवस लिहावा, तासांसकट, मिळालेल्या पैशांसकट. आमच्याकडे पहिल्या रांगेतल्या तिघींचे लिहून होईपर्यंत फळा भरला, आणि उरलेल्यांनी खडू घेऊन खालची फरशी धरली.