पाचवी पास आणि तीन हजार रुपये

2025 ची चवथ दोन दिवसांवर आली होती. ऑफिसात कामापेक्षा रजेचे अर्ज आणि माटोळीच्या सामानाचे भाव यांचीच चर्चा जास्त. एक सहकारी हातातले वर्तमानपत्र माझ्या टेबलावर टाकून म्हणाला, "हे बघ, एका जज्जाच्या निवाड्यामुळे नक्षलवाद एवढी वर्षे टिकला. गृहमंत्री स्वतः सांगतात."

बातमी खरी होती. 22 ऑगस्टला कोचीत अमित शहा बोलले होते. उपराष्ट्रपतिपदासाठी विरोधकांनी बी. सुदर्शन रेड्डी यांना उभे केले होते, आणि सलवा जुडूमचा निवाडा या रेड्डींनी दिला नसता तर नक्षलवाद 2020 पर्यंत संपला असता, असा शहांचा मुद्दा. रेड्डी पुढे निवडणूक हरले. तो विषय वेगळा.

मी त्याला विचारले, "निवाडा वाचलास?"

"तो कशाला वाचायचा? गोषवारा आला की पेपरात."

आम्ही कारकून माणसे. मूळ कागद न बघता शेरा मारू नये एवढेच नोकरीने आम्हाला शिकवले, आणि तेवढेच आम्ही सगळ्यात आधी विसरतो. मी तो निवाडा वाचलेला आहे. कारण तसे क्षुल्लक. त्यात सुरुवातीलाच कॉनराडच्या 'हार्ट ऑफ डार्कनेस'चा उल्लेख आहे असे कुठेतरी वाचले, आणि आर्ट्स शिकलेल्या माणसाला राहवले नाही. कादंबरीसाठी उघडला आणि प्रतिज्ञापत्रांत अडकलो.

वाचकहो, प्रकरण थोडक्यात असे. 2005 च्या जूनमध्ये छत्तीसगडच्या बस्तरात सलवा जुडूम सुरू झाले. गोंडीतल्या या नावाचा सरकारी अर्थ 'शांतीयात्रा'. पुढारी काँग्रेसचे महेंद्र कर्मा, पाठबळ भाजपच्या रमणसिंह सरकारचे. म्हणजे यात कोणत्याच पक्षाने दुसऱ्याकडे बोट दाखवू नये. गावोगावच्या आदिवासींना माओवाद्यांपासून तोडायचे म्हणून गावेच उठवून रस्त्याकडेच्या छावण्यांत आणली. 644 गावे सामील झाली असा प्रशासनाचा दावा होता, आणि छावण्यांतली माणसे पन्नास हजारांच्या घरात. जे छावणीत गेले नाहीत ते रानात पळाले, नाहीतर सीमा ओलांडून आंध्रच्या खम्मम भागात उतरले. घरे जळाली, माणसे मेली. मारणारे दोन्ही बाजूंना होते.

आता प्रतिज्ञापत्रे. या मोहिमेसाठी स्थानिक आदिवासी तरुणांना 'विशेष पोलीस अधिकारी' नेमले. 2011 पर्यंत त्यांची मंजूर संख्या 6500. मानधन महिना 3000 रुपये. शिक्षणाची अट? पाचवी पास असलेल्याला प्राधान्य. प्रशिक्षण साधारण दोन महिन्यांचे, त्यात बंदूक आणि फौजदारी कायदा दोन्ही शिकवायचे. आमच्या खात्यात शिपायाची जागा निघाली तरी याहून जास्त शिक्षण मागतात. पाचवीवर ज्याची शाळा सुटली त्याच्या हाती हत्यार देऊन त्यालाच त्याच्या शेजाऱ्यावर सोडायचे, आणि तो मेला की पुढचा पाचवी पास उभा करायचा. 5 जुलै 2011 रोजी न्या. रेड्डी आणि न्या. निज्जर यांनी हे घटनाबाह्य ठरवले. समतेचा आणि जगण्याचा हक्क त्या मुलांनाही आहे, एवढीच त्यातली गोम.

या निवाड्याने नक्षलवादाशी लढू नका असे कुठेही म्हटलेले नाही. लढायचे तर शिकलेले, बांधील आणि जबाबदार पोलीस पाठवा, शाळा सुटलेली पोरे पुढे करू नका, असा त्याचा आशय. आणि राज्याने केले काय? त्याच वर्षी सहायक सशस्त्र पोलीस दलाचा कायदा करून त्याच पोरांना नव्या नावाने आत घेतले. त्यावर अवमानाचा अर्ज झाला. कायदा करणे म्हणजे अवमान नव्हे, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये ते प्रकरण मिटवले. पोरे गेली नाहीत, फक्त पाटी बदलली. मग निवाड्यामुळे कोणाचे हात बांधले गेले, हे मला कोणीतरी समजावून सांगावे.

पण मला आज बोलायचे आहे ते शाळेबद्दल.

सुरक्षा दलांचा तळ शाळांत होता. पक्के बांधकाम, आवार, विहीर किंवा पंप. जंगलातल्या गावात एवढी सोय असलेली इमारत एकच, ती शाळेची. राज्याने न्यायालयाला आधी ठामपणे सांगितले की एकही शाळा, आश्रमशाळा, दवाखाना दलांच्या ताब्यात नाही. सुनावणीत उलटे निघाले. पुष्कळशा शाळा ताब्यात होत्या, आणि आधीचे म्हणणे चुकीचे होते हे निवाड्यातच नोंदलेले आहे. 18 जानेवारी 2011 ला न्यायालयाने चार महिन्यांत शाळा रिकाम्या करण्याचा आदेश दिला, तरी राज्य पुन्हा मुदत मागायला आलेच. सरकारी कागदात खोटे कसे शिरते हे मी वीस वर्षे पाहतो आहे. बहुतेक वेळा कोणी मुद्दाम खोटे लिहीत नाही. खालून आलेला 'निरंक' वर पाठवला जातो, इतकेच. पण इथे त्या निरंकात कोणाची तरी चौथी, पाचवी गेली.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर मला लगेच लाल झेंडा चिकटवाल. माओवाद्यांनी शाळेच्या इमारती सुरुंगाने उडवल्या. पोलीस येऊन राहतात म्हणून उडवतो, हे त्यांचे कारण. मुलांनी बसायचे कुठे, हा प्रश्न क्रांतीच्या कार्यक्रमात नव्हता. बंद शाळा पुढे उघडू लागल्या तेव्हा गावातल्याच शिकलेल्या मुलामुलींना 'शिक्षादूत' म्हणून नेमले, तर त्यांना खबरे ठरवून मारले. 2025 सालीदेखील असे शिक्षादूत मारले गेले. झोपडीत फळा टांगून अ आ इ शिकवणाऱ्याला मारणाऱ्यांनी जनतेचे नाव घेऊ नये.

2022 च्या जूनमध्ये छत्तीसगड सरकारने सुकमा, विजापूर, दंतेवाडा आणि नारायणपूर या चार जिल्ह्यांतल्या 260 बंद शाळा पुन्हा उघडल्या, पैकी बहुतेक विजापूर आणि सुकम्यातल्या. अभिनंदन. पण पंधरा-पंधरा वर्षे त्या बंद होत्या. सहा वर्षांची मुलगी एकवीस वर्षांची झाली, तिची मुले आता पहिलीत बसतील. मधली पिढी कुठे गेली याचा हिशेब कोणत्या वहीत आहे?

शाळा म्हणजे नुसते पाढे नव्हेत, हे कारकुनाला विचारा. रानातल्या माणसाकडे जन्माचा दाखला नसतो. जातीचा दाखला हवा तर पहिली विचारणा शाळेच्या रजिस्टरची. बापाचे नाव, जात, गाव, जन्मतारीख, सगळे त्या एका ओळीत. शाळा उठली की ती ओळ लिहिली जात नाही, आणि ओळ नसलेला माणूस पुढे कोणत्याही खिडकीवर उभा राहिला तरी त्याला परत पाठवतात. खम्मम भागात पळालेल्यांचे नेमके हेच झाले. छत्तीसगडात ते अनुसूचित जमातीचे, गोदावरी ओलांडली की तिकडचे अधिकारी त्यांना ते दाखले देईनात. वनखाते त्यांच्या झोपड्या मोडते ते वेगळेच.

आता एक तारीख लक्षात घ्या, 13 डिसेंबर 2005. वनहक्क कायद्याप्रमाणे या तारखेपूर्वी जमीन ताब्यात असल्याचे दाखवावे लागते. आपल्या सत्तरी, सांगे, केपे, काणकोणात ही तारीख पोरासोरांनाही पाठ आहे. आपल्याकडचे गावडे, कुणबी, वेळीप 2003 मध्ये अनुसूचित जमातींच्या यादीत आले, वनहक्काचे दहा हजारांच्या आसपास अर्ज झाले, आणि कितीतरी वर्षे सनदा हातात पडल्या त्या मोजक्याच. आजोबांनी कुमेरी केली, बापाने काजू लावले, नातू अजून पुराव्याच्या झेरॉक्स काढतो आहे. तो निदान त्याच जमिनीवर उभा राहून झेरॉक्स काढतो.

बस्तरात गावे उठायला लागली जून 2005 पासून. म्हणजे कायद्याची तारीख आली तेव्हा कित्येक लोक छावणीत किंवा परराज्यात. ताबा दाखवायचा कसा? कोणी ठरवून हे केले असे मी म्हणणार नाही, माझ्याकडे पुरावा नाही. पण त्याच जून महिन्यात बस्तरातल्या पोलाद कारखान्यासाठी राज्याने टाटा स्टीलशी करार केला, हेही खरे. ती लोहंडीगुड्याची जमीन जुडूमच्या मुख्य मुलखाबाहेरची होती आणि कारखाना न झाल्याने 2019 मध्ये शेतकऱ्यांना परत मिळाली, हेही सांगितले पाहिजे. तरी माणसे उठली की जमीन मोकळी होते, हे खाणींच्या गोव्यात राहणाऱ्याला कोणी शिकवायला नको.

कायद्यात वाट आहे. कलम 3(1)(म) असे नसेल लिहीत कोणी मराठीत, पण इंग्रजी अक्षराने ते 'एम' कलम आहे. 13 डिसेंबर 2005 पूर्वी ज्यांना बेकायदा हुसकावले त्यांना जागेवरच पुनर्वसनाचा, पर्यायी जमिनीसह, हक्क आहे. नक्षलवाद संपवण्यासाठी 31 मार्च 2026 ही मुदत केंद्राने जाहीर केली. या 'एम' कलमाची कार्यवाही पुरी करण्याची मुदत कोणी जाहीर केली? मुदती कशाला घालायच्या आणि कशाला नाही, यावरून सरकारचे मन कळते.

शेवटची गोष्ट आपल्या लोकांना टोचेल. आपण गोव्यातले मराठीवाले. आमच्या भाषेला डावलले, आमच्या मुलांच्या शाळा बंद पाडल्या, 2011 मध्ये इंग्रजी शाळांना अनुदानाचे दार उघडले, म्हणून आपण रागावलेले. तो राग खोटा नाही, मीही त्या मोर्चांत चाललो आहे. पण गोंडीकडे बघा. 2011 च्या जनगणनेत गोंडी बोलणारे 29 लाख 84 हजार, कोकणी 22 लाख 56 हजार. कोकणी 1992 पासून आठव्या अनुसूचीत आहे, चांगलेच झाले. गोंडीला त्या यादीत घेतलेले नाही. बस्तरात गोंडी मूल शाळेत गेले तर हिंदीत पडते, आणि आमच्या महाराष्ट्रातल्या गडचिरोलीत गेले तर मराठीत.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात मोहगाव आहे. तिथल्या ग्रामसभेने 2019 मध्ये स्वतःची गोंडी माध्यमाची शाळा काढली. मातृभाषेतल्या प्राथमिक शिक्षणाबद्दलचे घटनेतले 350-अ कलम आपण गोव्यात भाषणाभाषणांत सांगतो, तेच त्यांनी पुढे केले. 2022 मध्ये शिक्षण विभागाने ती शाळा अनधिकृत ठरवली आणि गावाला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाची पायरी चढावी लागली. तिथे डावलणारे कार्यालय मराठी. अर्जावरचा शेरा मराठी. मराठीवर अन्याय झाला म्हणून पणजीत घोषणा देणाऱ्या आपल्यातल्या एकानेही मोहगावसाठी दोन ओळींचे पत्र पाठवल्याचे मला आठवत नाही. मीही पाठवले नव्हते.

तर माझे म्हणणे साधे आहे. शाळेत तळ नको, कोणाचाच. शाळा छावणीच्या मागे नेऊ नका, गावात ठेवा, मुलाच्या भाषेत ठेवा. आणि ज्यांना उठवले त्यांची नावे, गावे, सर्व्हे नंबर लिहून घ्यायला एक माणूस टेबल टाकून बसवा. सहा महिने द्या. मी त्या कामाला बदली मागायला तयार आहे, हे चेष्टेने म्हणत नाही.

सहकाऱ्याला हे सगळे सांगितले नाही, एवढा वेळ कुठला. मानधनाचा आकडा तेवढा सांगितला. तो थोडा वेळ गप्प बसला, मग वर्तमानपत्राची घडी घालत म्हणाला, "तीन हजार? महिन्याला?" आणि उठून माटोळीचे सामान बघायला बाजारात गेला. तिथे वेळीप बायका रानातून आणलेली कांगलां, आटकी, माट्टीची फळे घेऊन पहाटेपासून बसलेल्या होत्या.