लुटा, पण सांगून लुटा

‘ईव्ह ऑनलाइन’ या आइसलँडच्या अंतराळजहाजांच्या खेळात २००९ साली एका बँकेवर दरोडा पडला, तोही आतून. बँक खेळाडूंनी काढलेली, ठेवीदारही खेळाडूच. तिच्या प्रमुखानं सुमारे २०० अब्ज इस्क, म्हणजे खेळातलं नाणं, तिजोरीतून उचललं आणि बाहेर काळ्या बाजारात विकलं. सहा हजारांवर ऑस्ट्रेलियन डॉलर आले, त्यातून त्यानं घरासाठी आगाऊ रक्कम आणि औषधपाण्याचा खर्च भागवला. कंपनीनं त्याला हाकललं, पण चोरीसाठी नाही. चोरी त्या खेळात मान्य आहे. खेळातला पैसा खऱ्या पैशाला विकला, हा त्याचा गुन्हा.

हे ऐकून भल्या माणसांना घेरी येते. मला मात्र ऑनलाइन पैशाच्या साऱ्या दुनियेत इतका सरळ कायदा दुसरा दिसलेला नाही.

माझा जिटाला व्यापार आहे. जिटा म्हणजे ईव्हमधली सर्वांत मोठी बाजारपेठ. ‘इस्क पाठवा, दुप्पट करून देतो’ ही आरोळी तिथं अष्टौप्रहर चालू असते आणि तिला रोज कुणीतरी बळी पडतो. उएदामाच्या वाटेवर टोळ्या दबा धरून बसलेल्या असतात. माझं मालानं भरलेलं जहाज त्यांनी फोडलं, पोलिसांनी त्यांची जहाजं उडवली, आणि तो खर्च आधीच हिशेबात धरलेल्या त्यांच्या साथीदारांनी माझा माल उचलून नेला. मी कुणाकडं तक्रार केली नाही. दारावरच पाटी आहे: इथली प्रत्येक वस्तू कंपनीच्या मालकीची, तुमच्याकडं फक्त वापर. खरे पैसे देऊन ‘प्लेक्स’ घ्या, ते विकून इस्क मिळवा. उलट्या दिशेनं मात्र रस्ता बंद. २०१० मध्ये एका महाभागानं ७४ प्लेक्स एका किरकोळ जहाजात भरून बाहेर काढली आणि जिटातच त्याचं जहाज उडालं. बाराशेहून जास्त डॉलरांचा धूर. कंपनीनं ते परत दिले नाहीत, आणि बरोबर केलं.

पाटी सगळीकडं असते, फक्त इतरत्र ती अडगळीत टांगलेली असते. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘काउंटर-स्ट्राइक’ या गोळीबाराच्या खेळाच्या चालकांनी एक अपडेट आणलं: पाच लाल दर्जाच्या स्किन, म्हणजे शस्त्रांवरची नक्षी, द्या, त्या बदल्यात चाकू किंवा हातमोजे घ्या. दुर्मीळ होतं ते एका रात्रीत दुर्मीळ राहिलं नाही आणि चाकूंचे भाव कोसळले. चाकू साठवून स्वतःला गुंतवणूकदार म्हणवणारे तेव्हा ‘आमची मालमत्ता’ म्हणून रडत होते. कुणाची मालमत्ता, बाबांनो?

ईव्हचा बाजार दोन दशकांहून जास्त टिकला, तो तिथली माणसं साधी आहेत म्हणून नव्हे. तिथं जहाज फुटलं की कायमचं जातं. फुटतं म्हणून नव्या जहाजाला गिऱ्हाईक, जहाजबांधणीवाल्याला खनिजाची गरज, खाणवाल्याला काम. इस्क येतो कुठून आणि करात, दलालीत जिरतो किती, यावर नजर ठेवायला कंपनीनं २००७ मध्ये एयोल्फुर ग्वुदमुंडसन हे अर्थशास्त्रज्ञ नोकरीला ठेवले. लोक हसले. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरात खऱ्या आइसलँडच्या तिन्ही मोठ्या बँका एका आठवड्यात झोपल्या. हसणाऱ्यांनी ग्वुदमुंडसनांचा पत्ता त्यांना वेळेवर कळवायला हवा होता.

वर्तमानपत्रांना यातलं काही कळलं नाही. जानेवारी २०१४ मध्ये ईव्हमधल्या बी-आर५आरबी नावाच्या ताऱ्यापाशी त्या भागावरच्या ताब्याचं बिल भरायचं राहिलं. त्या घोळातून पेटलेल्या लढाईत ७५ टायटन जहाजं नष्ट झाली, आणि जगभर मथळे झळकले: तीन लाख डॉलर जळाले! एक डॉलर जळाला नाही. प्लेक्सच्या भावानं गुणाकार करून काढलेला तो आकडा. कुणी खरे डॉलर घातले असतील तर ते कधीच कंपनीच्या गल्ल्यात गेले होते, आणि बाकीची जहाजं लोकांनी रात्री जागून कमावलेली होती. या निरर्थक आकड्यानंच पुढच्या थापाड्यांची वाट मोकळी केली. खेळात लाखो डॉलर असतातच, तर बाहेर का काढू नयेत?

मे २०२१ मध्ये माहितीपट आला: फिलिपिन्सच्या कबानातुआन शहरात लॉकडाउनमध्ये गरीब माणसं ‘अ‍ॅक्सी इन्फिनिटी’ खेळून घर चालवतात. खेळ व्हिएतनामच्या स्काय मेव्हिसचा. ज्यांनी ईव्हला चोरांचा अड्डा म्हटलं असतं, ते याला गरिबांची मुक्ती म्हणू लागले. खेळायला आधी तीन अ‍ॅक्सी, म्हणजे खेळातले प्राणी, विकत घ्याव्या लागत, ऐन भरात त्यांना शेकडो डॉलर पडत. ते नसतील तर मालक आपले प्राणी देणार, तुम्ही ते लढवायचे, मिळकतीत वाटा त्याचा. आपल्याकडं शेळ्या अर्धलीनं सांभाळायला देतात तसंच, फक्त शेळी निदान दूध देते. आणि या वेठीला नाव काय दिलं? स्कॉलरशिप!

पैसा येत होता कुठून, हे विचारणारा तेव्हा रसभंग करणारा ठरे. खेळून मिळणारं एसएलपी हे क्रिप्टो टोकन प्रामुख्यानं एकाच कामाचं: नव्या अ‍ॅक्सी पैदा करायला. नव्या अ‍ॅक्सी घेणार कोण? उद्या येणारा खेळाडू. म्हणजे आजच्याची मजुरी उद्याच्याच्या प्रवेश फीतून. इथं काही फुटत नाही, पुरेसं काही जिरत नाही, टोकनांचा ढीग वाढत जातो. जुलै २०२१ मध्ये एका एसएलपीला ३५ सेंटच्या आसपास भाव होता, वर्ष भरायच्या आत तो एका सेंटच्याही खाली गेला. हे जिटातल्या कुठल्याही पोरानं पहिल्या आठवड्यात सांगितलं असतं. पण त्याला कुणी परिषदेत भाषणाला बोलावत नाही.

आपल्याकडचे क्रिप्टोचे उपदेशक तोवर हेच दिवास्वप्न हिंदी-इंग्रजी-मराठीत विकत होते. १ एप्रिल २०२२ पासून सरकारनं आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर लावला आणि तोटा दुसऱ्या नफ्यातून वजा करायला मनाई केली. तेवढं वाक्य मात्र त्यांच्या व्हिडिओत कधी मोठ्या अक्षरात आलं नाही.

त्याआधी नऊ दिवस, २३ मार्चला, अ‍ॅक्सीचा पैसा ज्या ‘रोनिन’ पुलावरून ये-जा करी तो लुटला गेला. उघड झालं त्या दिवशीच्या भावानं सुमारे ६२ कोटी डॉलर. नऊपैकी पाच किल्ल्या चोरांच्या हाती लागल्या होत्या, त्यातल्या चार खुद्द कंपनीच्या. सहा दिवस कुणाला पत्ता नाही. एका ग्राहकाला पैसे काढता येईनात तेव्हा कळलं. अमेरिकेच्या एफबीआयनं बोट दाखवलं उत्तर कोरियाच्या लाझारस या हॅकर टोळीकडं. कंपनीनं नवं भांडवल उभारून जूनमध्ये पूल पुन्हा सुरू केला आणि लुटल्या गेलेल्यांना भरपाई दिली. ठीकच केलं.

पण कर्ज काढून अ‍ॅक्सी घेतलेल्या माणसाचं काय? त्याचं कुणी काही चोरलं नव्हतं. त्याच्या तिन्ही अ‍ॅक्सी खात्यावर शाबूत होत्या, एसएलपीही होते, सगळं नियमात. त्याला भरपाई मागायला खिडकीच नव्हती.