मदतीचा गहू आणि मदतीची गोळी

गेल्या महिन्यात माहूरला एका आजोबांना मधुमेहासाठी ज्वारीची भाकरी खायला सांगत होतो. आजोबा हसले. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, बहात्तरला मिलो खाऊन जगलो आम्ही!" दुष्काळात रेशनवर आलेली ती परदेशी लाल मिलो मराठवाड्यातली वडीलधारी मंडळी विसरलेली नाहीत.

बहात्तरला बाहेरचे धान्य सरकारने मुख्यतः पैसे मोजून आणले. मदतीच्या गव्हाचा अनुभव त्याआधीच येऊन गेला होता. पी. एल. ४८० या १९५४ च्या अमेरिकी कायद्याखाली आपल्याला रुपयांत गहू मिळे. १९६५ आणि १९६६ मध्ये लागोपाठ पाऊस फसला, तेव्हा अध्यक्ष जॉन्सन मात्र जहाजे महिन्या-महिन्याच्या हिशेबाने सोडत. शेतीधोरण बदला, हा त्यांचा आग्रह होताच (तो अगदीच चुकीचा नव्हता). पण व्हिएतनामवरील बॉम्बफेकीवर दिल्लीने केलेली टीकाही त्यांना खुपत होती. पुढे डिसेंबर १९७१ मध्ये बांगलादेश युद्ध पेटताच अमेरिकेने भारताची आर्थिक मदत थांबवली. त्या गव्हाने असंख्य जीव जगवले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण देणाऱ्याचा हात त्याच्या संरक्षणाच्या हिशेबाने हलतो, हेही खरे.

जानेवारी २०२५ मध्ये तेच झाले. अमेरिकेने परदेशी मदत रोखली. प्रत्येक डॉलरने अमेरिका अधिक सुरक्षित, बलवान, संपन्न होते का, ही कसोटी लागली. त्यात तृतीयपंथीयांसाठी चालणारे पुणे आणि कल्याण येथील दवाखाने बंद पडले. त्याच वर्षी १ जुलैला यूएसएड ही संस्थाच गुंडाळली गेली.

गव्हाचे जहाज उशिरा आले तर अर्धपोटी राहून काही दिवस निघतात. क्षयाच्या किंवा एचआयव्हीच्या गोळीचे तसे नाही. खंड पडला की जंतू औषधाला दाद देईनासा होतो आणि तोच पुढे घरातल्यांना लागतो. म्हणून मदतीतून यंत्रे घ्यावीत, प्रशिक्षण घ्यावे. रोजची गोळी आणि ती तांड्यापर्यंत नेणारा माणूस मात्र आपल्याच अंदाजपत्रकात असावा. एचआयव्हीची औषधे सरकार एप्रिल २००४ पासून मोफत देते, हे त्या दृष्टीने शहाणपणाचे ठरले.

तरीही सगळे खापर वॉशिंग्टनवर फोडता येणार नाही. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्रातही क्षयाच्या औषधांचा तुटवडा पडला. तेव्हा कोणीही परकीय मदत रोखली नव्हती. खरेदी आपलीच होती.