मित्र किती, आणि कुठवर?



अमेरिकेने ऑगस्ट 2025 मध्ये आपल्या मालावर 25 टक्के आयातशुल्क बसवले, आणि आपण रशियाचे तेल घेतो म्हणून त्याच महिन्याच्या 27 तारखेपासून आणखी 25 टक्के लादले. तेव्हापासून रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात चार माणसे जमली की एकच सूर ऐकू येतो. भारत कोणाचाच नाही, म्हणून भारताला कोणी नाही. एकदाचे कुठल्या तरी गटात शिरा, लेखी करार करा, म्हणजे अडचणीला कोणी धावून तरी येईल. बोलणारे मनापासून बोलतात. कोणाचा मुलगा अमेरिकेत आहे, कोणाचा माल तिकडे जातो. पण लेखी करार वेळेला किती उपयोगी पडतो, हे पाहायला आपल्याला लांब जायला नको. चोर्ला घाट उतरला की उत्तर आहे.

1961 साली पोर्तुगालकडे काय नव्हते? इंग्लंडशी 1373 पासूनचा मैत्रीचा तह होता. चालू असलेल्या तहांमध्ये जगातला सर्वांत जुना म्हणून तो ओळखला जातो. तो नुसता कागदावरचाही नव्हता. 1943 मध्ये चर्चिलने त्याच तहाचा हवाला देऊन अझोर्स बेटांवरचे तळ मागितले, आणि सालाझारने दिले. शिवाय 1949 मध्ये नाटो स्थापन करणाऱ्या बारा देशांत पोर्तुगाल होता. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी डिसेंबर 1955 मध्ये पोर्तुगालच्या मंत्र्यांबरोबर संयुक्त पत्रक काढून गोव्याचा उल्लेख पोर्तुगीज प्रांत असा केला होता. दिल्लीत त्यावरून केवढा संताप झाला! भारताकडे मात्र यातले काहीच नव्हते. ना तह, ना गट.

मी तेव्हा शाळकरी पोर होतो. त्या डिसेंबरात बेळगावच्या रस्त्यांवर लष्करी गाड्यांची रांग संपता संपत नव्हती, एवढे आठवते. 18 तारखेला फौजा गोव्यात शिरल्या आणि 19 ला पोर्तुगीज गव्हर्नर जनरलने शरणागती दिली. इंग्लंडचे एक जहाज आले नाही. राष्ट्रकुलातल्या देशाविरुद्ध आम्ही लढणार नाही, ही इंग्लंडची भूमिका होती. 3 जानेवारी 1962 च्या भाषणात सालाझारने याबद्दल इंग्लंडला उघड बोल लावले, पण बोलून काय होणार?

‘सर, मग नाटो का नाही आली?’ असे पुढे वर्गात मुले हमखास विचारायची. त्याचे उत्तर नाटोच्या करारातच आहे. सहाव्या कलमात संरक्षणाचा प्रदेश आखून दिला आहे: युरोप, उत्तर अमेरिका, आणि कर्कवृत्ताच्या उत्तरेची अटलांटिकमधली बेटे. गोवा त्या रेघेच्या बाहेर. सह्या केल्या त्या दिवसापासून बाहेर.

उरली सुरक्षा परिषद. तिथे अमेरिका, इंग्लंड, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी भारताने सैन्य मागे घ्यावे असा ठराव आणला. सात मते बाजूने पडली, चार विरुद्ध. त्या चारांत सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक होते, आणि चौथे मत सोव्हिएत युनियनचे. ते नकाराधिकाराचे असल्यामुळे ठराव तिथेच पडला. म्हणजे तह असलेल्याला भाषणे मिळाली आणि तह नसलेल्याला मत मिळाले.

सालाझारची आणखी एका आधारावर भिस्त होती, आणि ती आपल्या घरची गोष्ट आहे. गोवा म्हणजे कॅथलिक भूमी, तेव्हा जगातले कॅथलिक आपल्या बाजूने उभे राहतील, हे तो सतत सांगत असे. पण 1953 मध्येच आपले बेळगाव धर्मप्रांत गोव्याच्या आर्चबिशपांच्या अधिकारातून वेगळे झाले होते. जुलै 1955 मध्ये नेहरू रोमला पोप पायस बारावे यांना भेटले. गोव्याचा प्रश्न राजकीय आहे, धर्माचा नाही, हे पोपना मान्य असल्याचे त्यांनी भेटीनंतर सांगितले. आणि 1964 मध्ये पोप पॉल सहावे मुंबईला आले तेव्हा लिस्बनचा तिळपापड झाला. सालाझारने धर्मबंधुत्वाला लष्करी तह समजू नये, एवढे रोमने त्याला शांतपणे दाखवून दिले.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग अलिप्त राहिलो तेच उत्तम. थांबा. तो नकाराधिकार फुकट मिळाला नव्हता. 1956 मध्ये सोव्हिएत रणगाडे हंगेरीत घुसले तेव्हा आपण आढेवेढे घेतले, आणि तिथे संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली निवडणुका घ्या म्हणणाऱ्या ठरावाविरुद्ध मत दिले. बुडापेस्टच्या लोकांनी आपले काय वाकडे केले होते? माझ्या मते तो आपल्या खात्यावरचा डागच आहे. पुढे ऑक्टोबर 1962 मध्ये चीन चालून आला, आणि मॉस्कोच्या ‘प्रावदा’ने चीनचाच प्रस्ताव स्वीकारा म्हणून आपल्याला सल्ला दिला. शस्त्रे आणि मालवाहू विमाने पाठवली ती केनेडींच्या अमेरिकेने. म्हणजे वर्षभरापूर्वी सुरक्षा परिषदेत आपल्याविरुद्ध हात वर करणाऱ्यांनीच.

दहा महिन्यांत मित्र आणि टीकाकार यांची जागा बदलली. भारताचे धोरण त्यात फारसे बदलले नव्हते. बदलले होते ते त्या दोघांचे हिशेब. सोव्हिएत युनियनला गोव्यात गमावण्यासारखे काही नव्हते, हिमालयात होते. अमेरिकेला अझोर्सच्या तळाची गरज होती, तरी गोव्यासाठी तिने ठरावापलीकडे पाऊल टाकले नाही. पण त्या तळाचा करार 1962 अखेर संपत होता म्हणून अंगोलाच्या प्रश्नावर पोर्तुगालशी सूर मात्र नरम केला. बेट आपल्या कामाचे, म्हणून मित्र आपल्या कामाचा.

आजही तेच चालू आहे. डेन्मार्क नाटोचा संस्थापक सदस्य, तरी त्याचे ग्रीनलंड अमेरिकेचे अध्यक्ष उघडपणे मागतात. तेव्हा अमेरिकेशी करार केला असता तर हे शुल्क लागले नसते, हा युक्तिवाद मला पटत नाही. आणि रशिया जुना सखा म्हणून भुलण्यातही अर्थ नाही. एस-400 ची क्षेपणास्त्रे आपण 2018 च्या करारानुसार पैसे मोजून घेतो, आणि तोच रशिया आज चीनच्या पूर्वीपेक्षा कितीतरी जवळ आहे.

माझी तक्रार वेगळी आहे. स्वतंत्र परराष्ट्र धोरणाला किंमत असते, आणि ती द्यावी असेच माझे मत आहे. पण ती कोण देते? 2022 नंतर रशिया आपला सर्वांत मोठा तेलपुरवठादार झाला, तेल सवलतीत मिळाले. पंपावर मात्र मे 2022 पासून पुढची तीन वर्षे दर जवळजवळ तिथेच राहिले. मार्च 2024 मध्ये दोन रुपये उतरले तेवढेच. सवलतीचा मोठा वाटा गेला तेलकंपन्यांकडे आणि भुर्दंड पडला कोळंबी, कपडे, दागिने पाठवणाऱ्यांवर आणि त्यांच्या कामगारांवर. धोरण देशाचे, मग त्याचे बिल अमेरिकेला माल पाठवणाऱ्यानेच का भरावे? स्वस्त तेलातून जे वाचले त्यातला ठराविक हिस्सा या लोकांसाठी बाजूला काढा, आणि किती काढला ते संसदेत सांगा. आपल्या खासदारांनी एवढा प्रश्न तरी विचारावा. कोणत्या गटात शिरायचे याची चर्चा त्यानंतर खुशाल करू.

— एक निवृत्त शिक्षक, कॅम्प, बेळगाव