शिकून झालं, आता गाव बदलायचं?

आपल्या बेळगावची मुलं इंजिनिअर होतात, दोन-चार वर्षं उद्यमबागेतल्या एखाद्या फाउंड्रीत काढतात आणि मग व्यवस्थापन शिकायला मुंबई गाठतात. पवईची नीटी १९६३ साली सुरू झाली. २०२३ पासून ती आयआयएम मुंबई म्हणून ओळखली जाते. अशा ठिकाणाहून बाहेर पडलेली मुलगी किंवा मुलगा सहसा पुन्हा भट्टीपाशी येत नाही. काम बदलतं, शहरही बदलतं.

मग मिस्सा संपल्यावर चर्चच्या अंगणात कुजबुज होते, "एवढं इंजिनिअरिंग वाया घालवलं!" आम्हांला हे पटत नाही. ओतकाम का बिघडतं हे ज्यानं उभं राहून पाहिलंय, तो नियोजनाच्या टेबलावरूनही कामगाराचं म्हणणं समजू शकतो.

किंमत मोजावी लागते ती दुसरीच. ती पगाराच्या कागदावर दिसत नाही. आईवडिलांच्या दवाखान्याच्या फेऱ्यांत आणि जोडीदारानं सोडलेल्या नोकरीत दिसते. म्हणून 'पॅकेज किती' याआधी 'मागचा भार कोण उचलणार' हे घरात बसून बोलावं.

रोम सोडावं लागलेले अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला करिंथला तंबू करून पोट भरत. त्याच धंद्यातला पौल त्यांच्याकडे राहिला. पुढं त्यांच्या घरात मंडळी जमू लागली. जाणाऱ्यांनी नव्या शहरात असं दार उघडावं. आणि इथं राहिलेल्या आपण, त्यांच्या आईवडिलांचं दार आठवड्यातून एकदा तरी वाजवावं.