गोळी सरकारची, भाकरी सावद्याची

सावद्याच्या स्टेशनातून केळीचे रेक उत्तरेकडे रवाना होतात, याचा गावाला अभिमान आहे आणि तो असावाही. पण या गावाकडे आज जे मागणं आहे, ते केळीचं नाही. कुष्ठरोगाचे उपचार घेणाऱ्या शेजाऱ्याच्या ताटात रोज डाळ, शेंगदाणे, पालेभाजी आणि चालत असेल तर अंडं पडेल, एवढी सोय सावदेकरांनी करावी.

औषधाची चिंता नाही. गोळ्यांची पाकिटं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. सहा महिने किंवा वर्षभर, डॉक्टर सांगतील तितका कोर्स पुरा केला की रोग बरा होतो, आणि उपचार सुरू होताच संसर्गाची भीती झपाट्यानं ओसरते. जीवनसत्त्वांनी कुष्ठरोग बरा होत नाही, हेही इथेच सांगून टाकलेलं बरं.

अडचण वेगळीच आहे. त्या पाकिटातली डॅप्सोनची गोळी रक्तातल्या तांबड्या पेशी थोड्याफार फोडते. खाऊनपिऊन सुखी असलेल्याला ते सहसा जाणवत नाही. केळीच्या बागेत रोजंदारीवर जाणारी, आधीच हिमोग्लोबिन कमी असलेली बाई मात्र बांध चढतानाही धापा टाकू लागते. ‘गोळी सोसत नाही’ म्हणते आणि कोर्स मध्येच सोडते. कुष्ठरोगाची रिअॅक्शन येऊन नसा सुजल्या, तर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड कित्येक आठवडे घ्यावं लागतं. त्यानं हाडं ठिसूळ होतात. कुष्ठरुग्णांच्या रक्तात जस्त, अ आणि ड जीवनसत्त्व कमी आढळल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. बांगलादेशातल्या एका पाहणीत (2015) रुग्णांच्या घरी धान्याचा साठा कमी आणि ताटातले पदार्थही मोजकेच निघाले.

त्यात हाताची व्यथा. बोटं वाकडी झालेल्या माणसाला भाकरी थापता येत नाही. बधिर हाताला तव्याचा चटका कळत नाही. कळतो तो फोड आल्यावर. मग चहात बुडवलेला टोस्ट हेच जेवण होऊन बसतं, आणि जखम भरायला लागणारी प्रथिनं, जस्त नि क जीवनसत्त्व येणार कुठून?

केळी वाटून हे भागणार नाही. केळं पोटाला आधार देतं, पोटॅशियम देतं, पण लोह आणि जस्त त्यात नावापुरतंच. त्यापेक्षा खान्देशातली कळण्याची भाकरी सरस: ज्वारीच्या जोडीला उडीद. सोबत मेथी किंवा शेवग्याचा पाला, वर लिंबू पिळलेलं, म्हणजे पाल्यातलं लोह अंगी लागतं. गावानं महिन्याचा शिधा द्यायचा तर त्यात कळण्याचं दळण, तूर-मूग, शेंगदाणे, तीळ, गूळ, तेल असावं. ज्याचे हात चालत नाहीत, त्याला शिधा नको, शेजारच्या घरातून डबा हवा. लाकडी मुठीची सांडशी आणि उलथनं दिलं, तर ती मदत वर्षानुवर्षं पुरते.

शिध्याइतकाच प्रश्न दुराव्याचा आहे, आणि महाराष्ट्राला तो नवा नाही. बाबा आमट्यांच्या आनंदवनात रुग्णांनी भाजीपाला पिकवला, तेव्हा वरोऱ्याचे लोक तो विकत घ्यायला तयार नव्हते. पुढे परदेशी स्वयंसेवक येऊन रुग्णांबरोबर राबले, जेवले. गावाची भीड त्यानंतर मोडली. शेजाऱ्याच्या हातची भाजी खायला परदेशी साक्षीदार लागावेत, ही काही फुशारकीची गोष्ट नव्हे. सावद्यानं तेवढी वाट पाहू नये. लग्नाच्या वरण-बट्टीच्या पंगतीत त्या घरालाही आवतण जावं, आणि पान सगळ्यांच्या रांगेतच मांडावं.

दोन पथ्यं मात्र पाळावीत. मेडिकलमधून टॉनिकच्या बाटल्या आणून वाटू नयेत. जस्ताच्या गोळ्या मनानं जास्त दिवस घेतल्या तर शरीरातलं तांबं घटतं. बधिरपणा कधी ब-12 च्या कमतरतेनंही येतो, आणि तो कशाचा हे डॉक्टरांनीच ठरवायचं. दुसरं, शिधा देताना फोटो नको. आपल्याकडे अशा फोटोंत घेणारा एक आणि देणारे दहा असतात! रुग्णाचं नाव गावभर होता कामा नये. ज्यांना मदत करायची आहे, त्यांनी आशाताईंना किंवा दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांना भेटून रुग्णाची तयारी आधी विचारून घ्यावी. रुग्ण महिन्याचा डोस घ्यायला येतो, त्याच दिवशी त्याचं हिमोग्लोबिन तपासून घ्यावं आणि शिध्याची पिशवीही तिथेच, इतरांच्या नजरेआड, त्याच्या हाती द्यावी.